आंबिलीचं धुतलेलं गाडगं

वैशाख लागला की माझ्या जिभेच्या कडांना आंबट चव येते. अजून काही प्यायलेलं नसतं, खाल्लेलं नसतं, तरी येते. ऐंशीला टेकलेल्या बाईनं जिभेचे चोचले सांगू नयेत हे मला कळतं, पण ही चव चोचल्यांपैकी नाही. ती आली की मी फडताळातल्या खालच्या फळीवरून फडक्याची एक पुरचुंडी काढते. तिच्यात मागच्या उन्हाळ्यातल्या आंबलेल्या पिठाच्या चार वाळलेल्या वड्या असतात. पाण्यात भिजल्या की दोन दिवसांत त्या जाग्या होतात आणि पुढचे दोन महिने आमच्या घरी ज्वारीची आंबील होते. त्या पुरचुंडीची गाठ सोडताना दरवर्षी माझा हात थोडा थांबतो. घरच्यांना वाटतं, बोटांतला वात.

यंदा वैशाखापाठोपाठ नात आली. रेवा पुण्याला नोकरी करते. बुलढाण्याला आली की आल्या आल्या पंखा लावते आणि "तुमचं गाव थंड हवेचं म्हणे" असा टोमणा मारते. या खेपेला तिच्या पाठीवर बॅग होती आणि पोटाशी धरलेली, ओढणीत गुंडाळलेली काचेची बरणी. पोरगी स्वतःला इतकी जपती तर तिच्या आईची निम्मी काळजी मिटली असती. ओढणी सोडली. आत चहाच्या रंगाचं पाणी आणि त्यावर तरंगणारी पांढरट जाड चकती.

"हे काय गं? चहा नासवलास?"

"कोंबूचा म्हणतात याला, आजी. गोड चहा आंबवायचा. पोटाला चांगला असतो."

"पुण्यात ताजा चहा मिळत नाही का?"

ती रुसली. पण तिला सांगायचं होतंच, म्हणून रुसवा फार टिकला नाही. तिनं बॅगेतून एक चपटा काटा काढला, ज्याच्यावर हिंगसुद्धा तोलता येईल, आणि ओट्यावर मांडला. इतकं पाणी, इतकी चहाची पत्ती, इतकी साखर, आणि आधीच्या बरणीतलं इतकं जुनं आंबट पाणी. साखर कमी पडली तर आत जे जिवंत आहे ते उपाशी राहतं. जुनं पाणी कमी पडलं तर नवा चहा नासतो. जास्त पडलं तर दोन दिवसांत तोंड वाकडं होईल असा शिरका. तिनं हे सगळं इतक्या गंभीरपणानं सांगितलं की मला हसू आवरेना.

"दोनदा चुकलं माझं," ती म्हणाली. "पहिल्यांदा जास्त दिवस ठेवला. मग मी सगळं ओतून दिलं, बरणी साबणानं घासली, कढत पाणी घातलं, अगदी स्वच्छ केली आणि नव्यानं सुरुवात केली. जुनं पाणी थेंबभर ठेवलं नाही. त्यावर हिरवी बुरशी आली."

माझं हसू तिथंच थांबलं. माझ्यासमोर बरणी होती, पण मला गाडगं दिसत होतं. सासरच्या, जानेफळच्या घराच्या मातीच्या धाब्यावर, उन्हात, पालथं घातलेलं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन दोन. मी मलकापूरची, म्हणजे घाटाखालची. आमचं घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेवर होतं. वडील कापसाच्या पेढीवर कारकून. मॅट्रिक झालेली मुलगी आमच्या गल्लीत मी एकटी, आणि ही गोष्ट मी विसरत नव्हते, दुसऱ्यांनाही विसरू देत नव्हते. लग्नात वडिलांनी मला इतर भांड्यांबरोबर पितळेचं एक लिटरचं माप दिलं होतं. "आता शेर-पायली गेली, यापुढं लिटर," असं ते सगळ्यांना सांगत होते. घाट चढून जानेफळला आले तेव्हा ते माप माझ्या पेटीत वरच होतं. सासरी दुपारी गाडीची शिटी ऐकू यायची नाही. तेवढ्यानं मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटायचं.

सासरी भाजीचा मळा होता. कांदा, वांगी, मेथी, आणि विहिरीवर मोट. घरात सासू, सासरे, आम्ही दोघं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांना बारा महिने आंबील लागायची. न्याहारीला आंबील, दुपारी मळ्यातून आले की आंबील, सोबत फोडलेला कांदा. सासूबाई ती काळपट गाडग्यात आंबवायच्या. त्या गाडग्याच्या तोंडाशी पांढरं-हिरवं कडं जमलेलं, बाहेरून ओघळांचे डाग, आणि वास असा की पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावला होता. गाडगं त्या कधी रिकामं करत नसत. ओंजळभर तळाशी ठेवायच्या, त्यावर ज्वारीचं पीठ, त्यावर पाणी, हातानं ढवळायच्या आणि फडकं बांधून ठेवायच्या. सकाळी मिठाचं पाणी उकळायचं, त्यात लसूण-जिरं ठेचून टाकायचं आणि हे आंबलेलं ओतून घोटायचं. घोटता घोटता त्याला चकाकी आली की उतरवायचं.

मी वही घेऊन बसले होते एकदा. पीठ किती, पाणी किती, तळाशी किती ठेवायचं.

"माप काय इच्यारतं?" सासूबाई म्हणाल्या. "हात घालून पाह्य. हाताले समजते. उन्हाळ्यात तळाचं कमी ठेवावं, थंडीत जास्त. पीठ लय झालं का ते झोपून राह्यते, पाणी लय झालं का उतरते."

मी वही मिटली. मनात म्हटलं, यांना सांगता येत नाही म्हणून हाताचं नाव. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याचं ज्ञान दिसत नाही, डोळ्यांसमोर असलं तरी. हे मला पुढं समजलं, पण समजून उपयोग होण्याची वेळ तेव्हा टळून गेली होती.

पौषात सासूबाई गेल्या. छातीत कफ भरला आणि चार दिवसांत आटोपलं. मामाजी रडले नाहीत. तेराव्यानंतर मळ्यावर गेले, वांग्यांच्या वाफ्यात दिवसभर बसून राहिले आणि परत येऊन म्हणाले, "आंबील हाय का?" होती. मी सासूबाईंसारखंच करत होते. पाहून पाहून जमत होतं. तळाशी ओंजळभर, वर पीठ, वर पाणी. मामाजी प्यायचे, भांडं ठेवताना थोडे थांबायचे. ते थांबणं मला माझं कौतुक वाटायचं. ते कुणासाठी होतं हे विचारायची अक्कल मला नव्हती.

चैत्रात त्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस अंगाची भट्टी. ताप उतरला तेव्हा खाटेवर माणूस कमी आणि गोधडी जास्त दिसत होती. मेहकरहून डॉक्टर आले. म्हणाले, आतडी नाजूक झाली आहेत, पातळ द्या, जे पोटात राहील ते द्या. भाताची पेज राहिली नाही. दूध राहिलं नाही. मुगाचं कढणही उलटलं. राहिली ती आंबील. अर्धी वाटी, मग वाटी, मग दिवसातून तीन वाट्या. डॉक्टर दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "हेच चालू ठेवा, यावरच उभे राहतील."

मग आखाजी आली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याचा घट भरतात, त्यावर खरबूज ठेवतात, आंब्याच्या रसाचं जेवण करतात. सासूबाईंची ही पहिली आखाजी. घर आरशासारखं झालं पाहिजे, असं मी ठरवलं. सारवलं, पोतेरं केलं, पितळ चिंचेनं घासलं. आणि कोपऱ्यातलं ते काळपट गाडगं पाहून माझ्यातली मॅट्रिक जागी झाली. शाळेत आरोग्याच्या पुस्तकात जंतू वाचले होते. आजारी माणूस यातलं पितो! तळाचं सगळं उकिरड्यावर ओतलं. राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं आतून-बाहेरून घासलं, कडं खरवडून काढलं, मग चुलीवरचं उकळतं पाणी आत भरलं. दोन दिवस धाब्यावर पालथं घातलं. कुंभारानं पाहिलं असतं तर नवं म्हणून परत विकलं असतं.

आखाजीच्या दिवशी मी सासूबाईंच्या नावानं घट भरला, हात जोडले. त्यांच्या हातचं जे घरात जिवंत उरलं होतं ते मी त्यांच्याच सणासाठी मारून टाकलं होतं, आणि मला समाधान वाटत होतं.

आखाजीनंतरची पहिली आंबील मी ताकाचं विरजण लावून केली. मामाजींनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला आणि वाटी खाली ठेवली. तासाभरात ते उलटलं. दुसऱ्या दिवशी मी लिटरचं माप काढलं. मोजून पाणी, मोजून पीठ, चिंचेचा कोळ. तिसऱ्या दिवशी नुसतं पीठ-पाणी ठेवलं, आपोआप आंबेल म्हणून. वर गुलाबी तवंग आला आणि मेलेल्या उंदरासारखा वास सुटला. चौथ्या दिवशी मी गाडग्यासमोर बसून रडले. वहीत चार पानं आकड्यांनी भरली होती. पीठ कमी करून पाहिलं, पाणी वाढवून पाहिलं, ऊन-सावली बदलली. प्रमाण सगळं होतं. ज्याचं प्रमाण घ्यायचं तेच नव्हतं.

"मामाजी, दोन घोट तरी घ्या."

"राहू दे बाई. मन होत नाई," ते म्हणायचे. मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मनगटाची हाडं वर आली. आमचे हे मळ्यातून येऊन वडिलांच्या पायाशी बसायचे आणि म्हणायचे, मलकापूरला मोठ्या दवाखान्यात नेऊ. पण घाट उतरून नेण्याइतका जीव त्यांच्यात उरला नाही हे यांनाही दिसत होतं. गाडगं धुतल्याचं मी यांना सांगितलं होतं. "भांडंच तर धुतलं," ते म्हणाले होते. पुरुषांना भांड्याचं काय कळतं, असं तेव्हा वाटलं. मलाही कळलं नव्हतंच.

कांद्याची काढणी चालू होती. पाचव्या दिवशी मी मजूर बायांना पाणी घेऊन मळ्यावर गेले. दुपारची सुट्टी होती. सगळ्या बाया विहिरीजवळच्या लिंबाखाली आणि एक जण थोडी दूर, बोरीखाली, आपली भाकरी सोडून बसलेली. सयाबाई. पन्नाशीची, उंच, कपाळ कोरं. कांदा काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिच्याकडून वाऱ्याची झुळूक आली आणि मी हंडा तसाच घेऊन उभी राहिले. तोच वास. ज्याला मी पहिल्या दिवशी पदर लावला होता आणि गेले चार दिवस जो मी घरभर शोधत होते.

सयाबाई गावाच्या खालच्या अंगाला राहायची. त्या वस्तीला काही लोक बौद्धवाडा म्हणू लागले होते; आमच्या घरात जुनंच नाव चालायचं. तिच्या लोकांनी नवा धम्म घेतला त्याला सहा-सात वर्षं झाली होती. त्याआधी ती आमच्या परसदारी येऊन आंबील न्यायची. सासूबाई उंबऱ्याच्या आत उभ्या राहून तिच्या भांड्यात वरून ओतायच्या, धार अशी की भांड्याला भांडं लागू नये. हे मी पाहिलेलं नाही, सासूबाईंनीच एकदा सांगितलं होतं. वर म्हणाल्या होत्या, "आता नाई येत सया. मुरवण घेऊन गेली एकदाची, घरी करते म्हणे."

मुरवण म्हणजे तळाशी राखायचं ते जुनं आंबलेलं. ते वाक्य मला बोरीच्या सावलीकडे पाहताना आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पितळेचा गडवा पदराखाली धरून मी खालच्या अंगाला गेले. आयुष्यात पहिल्यांदा. दोन वर्षं मी त्या गावात राहत होते आणि तो रस्ता मला ठाऊक नव्हता.

तिचं घर लहान होतं, पण अंगण असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. ती कामावर निघायच्या तयारीत होती.

"काऊन आली वो सूनबाई? म्हातारा बरा हाय ना?"

मी सगळं सांगून टाकलं. गाडगं, राख, उकळतं पाणी. तिनं तोंडावर हात ठेवला.

"राखेनं घासलं? आन् वरून कढत पाणी?"

"हाव."

"अवं बाई! तुह्या सासूनं वीस वर्सं त्या गाडग्याच्या आंत पाणी फिरवलं नाई. मातीच्या पोटात राह्यते ते."

"मले थोडं मुरवण पाह्यजे, सयाबाई. ते दुसरं काईच पीत नाईत."

ती लगेच उठली नाही. अंगणात मला बसायला पोतं टाकलं होतं. मी त्यावर बसले नव्हते, हे तिनं पाहिलं होतं. मग म्हणाली, "हे तुह्याच घरचं हाय. तुह्या सासूनं देल्लं. धम्म घेतला तवा मी ठरवलं, आता कोनाच्या दारात भांडं घेऊन उभं राह्याचं नाई. आपलं गाडगं आपल्या घरी. मंग एक डाव शेवटलं गेली, मुरवण मांगलं. तिनं देल्लं. काई इच्यारलं नाई." पोत्याकडं पाहत तिनं विचारलं, "म्हातारा पिईन का पन? माह्या घरचं हाय हे समजलं तर?"

मी गडवा पदराबाहेर काढला.

"तू सांगशीन त्याले?"

मी गडव्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले. ती आत गेली आणि गाडगं घेऊन आली. तसंच काळपट, तोंडाशी तसंच कडं. मी गडवा पुढं केला. गाडगं तिरपं करता करता तिचा हात थांबला.

"काठ लागला तर चालीन, का वरून ओतू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. माझी सोय विचारावी तसं तिनं विचारलं. मला फक्त "लागू दे" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी गडवा हातात धरून उभी राहिले आणि माझी जीभ उचलली नाही. तिनं थोडी वाट पाहिली. मग हात उंच केला आणि वरून ओतलं. बारीक, सरळ धार. एक थेंब सांडला नाही.

मग तिनं मला प्रमाण सांगितलं. ते मी वहीत लिहिलं नाही, पण साठ वर्षांत विसरले नाही. "सगळं एकदम नको टाकू. निम्मं ठेव, बिघडलं तर मंग कुठं जाशीन? धुतलेलं गाडगं म्हंजे नवंच समज, त्याले आधी पाजावं लागते. पह्यल्या दिशी दोन मुठी पीठ, पान्याचा हात सैल नको. दुसऱ्या दिशी कान लावून पाह्य, बारीक बारीक बोलते ते आतून. बोललं नाई तर पीठ नको वाढवू, वाट पाह्य. आंबवतानी मीठ बिलकूल नाई, मीठ शिजवतानी. आन् बरं झालं का चार वड्या वाळवून ठेव. घरात एक गाडगं असलं म्हंजे झालं असं नाई."

मी पदराखाली गडवा झाकून घरी आले. उन्हात कुणी विचारलं तर काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी गाडगं मुकं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कान लावला तेव्हा आत फार हळू, पाऊस उघडल्यावर पागोळ्या थांबत येतात तसा आवाज होता. तिसऱ्या सकाळी मी शिजवली. घोटताना चकाकी आली. वाटी घेऊन गेले. मामाजींना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी घोट घेतला आणि तोंडात धरला. डोळे मिटले. गालाच्या खळगीतून पाणी वाहायला लागलं. पौषात जे वाहिलं नव्हतं ते.

"हे तिच्या हातची हाय," ते म्हणाले. "कशी केली वं तू?"

"सासूबाईंनी सांगितलं होतं तसंच केलं," मी म्हणाले.

खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही. त्या वेळी ते बरोबरच वाटलं. खरं सांगितलं असतं आणि त्यांनी वाटी सारली असती तर? माणूस चांगला होता, कुणाला वावगा शब्द बोलत नसे, मजूर बायांच्या लेकरांना हातानं भेंड्या-वांगी द्यायचा. पण चूल ही गोष्ट त्याच्यासाठी वेगळी होती, आणि मी जिवाशी खेळायला तयार नव्हते. एवढं मी आजही स्वतःला माफ करते.

आठ दिवसांत ते ओसरीवर येऊन बसू लागले. महिन्याभरात काठी टेकत विहिरीपर्यंत. सगळं गाव म्हणालं, सूनबाईनं सासऱ्याला परत आणलं. माझ्या माहेरी पत्र गेलं. माझे वडील ते पत्र घेऊन पेढीवर सगळ्यांना वाचून दाखवत होते, असं आईनं नंतर सांगितलं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, आभाळ भरून यायला लागलं होतं तेव्हा, सयाबाई पेरणीच्या कामाला किती बाया लागतील ते विचारायला आली. अंगणात उभी राहिली. मामाजी ओसरीवर खाटेवर, हातात आंबिलीची वाटी. मी दाराच्या आत.

"ये सया, ये," मामाजी म्हणाले. आजारातून उठलेला माणूस जरा जास्त बोलतो, तसे ते बोलायला लागले. "पाह्य, आमच्या सूनबाईच्या हाताले तिच्या सासूचीच चव आली. एक जर्राबी फरक नाई. तू तं प्याली हायस ना तिच्या हातची?"

सयाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी दाराची कडी धरून उभी होते. आता मामाजी चालत होते, जेवत होते, भाकरी पचवत होते. आता सांगितलं असतं तर कुणी मरणार नव्हतं. फार तर मला बोलणी बसली असती. फार तर त्यांनी वाटी खाली ठेवली असती.

"हाव बापू," सयाबाई म्हणाली. "सारखीच हाय."

मग मी पुढं झाले. काहीतरी करायला हवं म्हणून झाले. "सयाबाई, थांबा, आंबील देते," मी म्हणाले. तिला मी तोवर 'तू' म्हणायची. त्या दिवशी 'थांबा' तोंडातून गेलं.

तिनं पदर सावरला. "नको वो सूनबाई," ती म्हणाली. "माह्या घरी हाय."

आणि बायांचा आकडा विचारून निघून गेली.

मामाजी त्यानंतर नऊ वर्षं जगले. नऊ वैशाख. दर वैशाखात मला वाटायचं, यंदा सांगावं. जिवाची भीती हे कारण पहिल्याच पावसाळ्यात संपलं होतं. मी ते नऊ वर्षं वापरलं. खरं कारण लहान होतं, आणि लहान म्हणूनच लाजिरवाणं. मला माझ्या हाताचं कौतुक आवडायला लागलं होतं. आणि तो गडवा खालच्या अंगाला गेला होता हे कळलं तर चारचौघींत आपलं काय होईल, याची धास्ती. एवढंच. मी काही कुणाचा विटाळ मानत नाही, असं मी तेव्हाही म्हणायची. पण वरून ओतलेली धार मी खाली घेतली होती, आणि तिच्यावर साठ वर्षं नाव सासूबाईंचं सांगितलं.

सयाबाईचा मुलगा शिकला आणि नोकरीला लागला. ती त्याच्याकडे गेली. कुठं, ते मी विचारलं नाही. एका उन्हाळ्यात कांद्याच्या काढणीला बाया आल्या तेव्हा त्यांच्यात ती नव्हती. बोरीखाली कुणी बसलं नाही, आणि मला उगाच बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून टोचतं.

पुढं आम्ही बुलढाण्याला आलो. वड्या माझ्यासोबत आल्या. जावा, नणंदा, शेजारणी, सगळ्यांनी माझ्याकडून मुरवण नेलं. हिवरा आश्रम गावच्या, आमच्या नात्यातल्या एका सुनेनं तर बाळंतपणानंतर माहेरच्या लाडवांआधी माझी आंबील मागितली. "तुमच्या सासूबाईंची आंबील" असंच सगळ्या म्हणतात. मी मान हलवते. मान हलवायला काही लागत नाही.

रेवा हे सगळं ऐकत होती असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी तिला सांगितलंच नाही. ती बरणीशी काहीतरी करत होती आणि मी नुसती पाहत होते. हे मी तिला सांगितलं ते दोन दिवसांनी, वड्या जाग्या झाल्यावर. पहिली आंबील शिजली. ती वाटीभर प्यायली, तिनं डोळे मोठे केले आणि दुसरी वाटी मागितली. मग तिला मुरवण हवं झालं. पुण्याला नेईन म्हणाली, कोंबूच्याच्या शेजारी ठेवीन. एक लहान बरणी धुऊन आणली.

"साबण लावलास?"

"नाही गं आजी. आता शहाणी झालेय."

बरणी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "वरून ओत, चालेल. नेम आहे तुझा." मी गाडगं उचललं. आता ते जड लागतं. मी त्याचा काठ बरणीच्या काठाला टेकवला. मातीचा काचेला बारीक आवाज झाला. तसंच टेकवून ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग तिला सगळं सांगितलं. गडव्यापासून ओसरीपर्यंत.

तिच्या कोंबूच्याच्या बरणीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ज्या मैत्रिणीकडून तिला ती चकती मिळाली तिचं नाव, आडनाव, गाव. "असं लिहितात आमच्यात," तिनं आल्या दिवशी सांगितलं होतं, "म्हणजे कळतं कुणाकडून आलं." तिनं पेन काढलं, नवी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, 'ज्वारीची आंबील'. खाली लिहिलं, 'सयाबाई, जानेफळ'. अक्षर छान आहे तिचं. पेन तसंच धरून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आडनाव काय, आजी?"

मी गाडग्याला फडकं बांधत होते. गाठ काही केल्या बसेना.

"मी कधी विचारलं नाही," मी म्हणाले.